सातवा तुकडा

“सर, ह्यातला एक तुकडा ह्या खोक्यातला न्हाई,” सुजाता सुतार म्हणाली, तेव्हा स्टॉपवॉचमध्ये चार मिनिटं अकरा सेकंद झाली होती.

मला बोलायला तीनच वाक्यं होती.

ती तीन वाक्यं माझ्या मार्गदर्शक कारखानीस मॅडमनी टाइप करून, लॅमिनेट करून माझ्या टेबलावर चिकटवली होती. पहिलं : ‘हे सात लाकडी तुकडे जोडून चौकोन तयार करा.’ दुसरं : ‘कृपया प्रयत्न चालू ठेवा.’ तिसरं : ‘याआधी बऱ्याच जणांनी हे सोडवलं आहे.’ चौथं वाक्य बोललं की प्रयोग बाद. मागे एका मुलाला ठसका लागला तेव्हा मी सवयीने ‘सावकाश’ म्हणालो, तर मॅडमनी तो मुलगाच रद्द केला होता.

“कृपया प्रयत्न चालू ठेवा,” मी म्हणालो.

“करते की. पण बघा तरी तुम्ही.” तिने तुकडा नाकाशी नेला आणि हुंगला. “हे सहा आंब्याचे हायत. हा सागवान हाय. आन् दोन सूत, म्हंजे पाव इंच मोठा हाय. कसा बसंल?”

याआधी चाळीस जणांनी त्या तुकड्यांकडे बघून डोकं खाजवलं होतं, छताकडे बघितलं होतं, एकाने तर मनातल्या मनात मारुतीस्तोत्र म्हटलं होतं. हुंगलं कुणीच नव्हतं. तिचं शंभर टक्के बरोबर होतं. पण समोरच्याचं बरोबर असलं तर काय म्हणायचं, हे लॅमिनेशनमध्ये नव्हतं.

“याआधी बऱ्याच जणांनी हे सोडवलं आहे,” मी म्हणालो.

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग तुकड्याकडे. मी एम.ए.चा सुवर्णपदकविजेता, तुकडा सागवान. तिने माझं ऐकलं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा एका जिल्ह्याच्या गावी, कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात पीएच.डी. करत होतो. विषय होता असहायता. माणूस हात कधी टेकतो आणि का टेकतो, हे आम्ही मोजत होतो. मोजायची रीत अगदी सोपी. माणसाला न सुटणारं कोडं द्यायचं, शेजारी टेबलावरची घंटी ठेवायची, आणि त्याने ती वाजवून ‘नाही जमत’ म्हणेपर्यंतची मिनिटं लिहून घ्यायची. कोडं चुकूनही सुटू नये म्हणून कोड्याच्या लाल खोक्यातला खरा सातवा तुकडा मॅडमनी कपाटात ठेवला होता आणि त्याच्या जागी दुसऱ्या कुठल्याशा मोडक्या खोक्यातला घातला होता. तीस जणांना तिसरं वाक्य ऐकवायचं, तीस जणांना नाही. मॅडमचं म्हणणं असं, की ‘बऱ्याच जणांनी सोडवलंय’ हे ऐकलेली माणसं स्वतःलाच दोष देणार आणि लवकर हात टेकणार. चाळिसाव्या माणसापर्यंत जग मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे चाललं होतं. सर्वांत जास्त टिकलेला मुलगा तेवीस मिनिटांचा होता, आणि त्यातली बारा मिनिटं तो झोपला होता.

सुजाता एकेचाळिसावी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, गारगोटीकडच्या एका खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. तिच्या फॉर्मवर वय, जात, आहार, झोपेचे तास, डावखुरी की उजवी असे नऊ रकाने होते. ते सगळे आम्ही वाचले. वर स्वच्छ अक्षरात ‘सुतार’ लिहिलं होतं, ते वाचलं नाही. नाव गोपनीय ठेवायचं असतं.

ती अकरा वाजता बसली होती. बारा वाजता गुंडूमामा पडद्याआडून डोकावले.

गुंडूमामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. मोडकी वस्तू दिसली की त्यांच्या हाताला खाज सुटे. आमचं प्रयोगाचं टेबल एका पायाने लंगडं होतं. मामा रोज सकाळी त्या पायाखाली कागदाची घडी सारत, दुपारपर्यंत ती चेपे आणि टेबल पुन्हा डुगडुगायला लागे. एकदा त्यांनी प्रतिक्रियावेळ मोजायच्या यंत्रात खोबरेल तेल सोडलं होतं. तेव्हापासून भिंतीवर पाटी होती : ‘उपकरणांना हात लावल्यास कारवाई करण्यात येईल.’ कोणावर, ते लिहिलं नव्हतं. विभागात परिचर एकच होता.

“अजून बसलीय?” मामांनी कुजबुजत विचारलं.

मी मान हलवली. मामांना उत्तर द्यायलाही माझ्याकडे तीच तीन वाक्यं होती.

बारा बावन्नला घंटी वाजली. एकशे बारा मिनिटं. तिचे हात लाकडाच्या कडांनी लाल झाले होते.

“न्हाई जमलं, सर.”

मग मी तिला शेवटची प्रश्नावली दिली. ‘कोडं न सुटण्याचं कारण काय वाटतं? नशीब, अपुरा वेळ, कोड्याचा अवघडपणा, माझी कुवत. प्रत्येकापुढे एक ते सातपैकी आकडा लिहा.’ तिने पहिल्या तिन्हींपुढे एक लिहिला. कुवतीपुढे सात. सातला पुन्हा गोल केला.

“आमचे आण्णा देव्हारे करतात,” पेन टोपणात घालत ती म्हणाली. “मी सातवीपास्नं सांधे बसवते. कळसाचं तर मीच करते सगळं. मला एम.ए.ला हितंच यायचं होतं, मॅडमकडं. आण्णा म्हणाले, तुला झेपतंय का बघ, झेपलं तर शीक.” ती थोडी हसली. “पण लाकडाचंच जमलं न्हाई, तर माणसाच्या मनाचं काय जमणार?”

मी लॅमिनेशनकडे बघितलं. दुसरं वाक्य त्यातल्या त्यात बरं वाटलं. पण घंटी वाजल्यावर तेही चालत नव्हतं.

*

“एकशे बारा?” कारखानीस मॅडम म्हणाल्या. “घड्याळ अडकलं होतं का?”

“नाही मॅडम. आणि तिने चौथ्याच मिनिटाला ओळखलं होतं, तुकडा बदललाय म्हणून.”

“कशावरून?”

“वासावरून.”

मॅडमनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी दोन महिने माझी प्रात्यक्षिकं स्वतः घेतली होती. “शेटे, आपल्याकडे वासाचा रकाना आहे का?”

“नाही.”

“मग?”

“मग चार मिनिटं अकरा सेकंद लिहू?”

“चौथ्या मिनिटाला तिने हात टेकले?”

“नाही. चौथ्या मिनिटाला तिचं बरोबर होतं.”

“बरोबर असण्याचाही रकाना नाही आपल्याकडे.” मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “आणि एकशे बारा घातलेस, तर ही एकटी मुलगी तीस जणांची सरासरी फरफटत नेईल. लोक म्हणतील, तिसरं वाक्य ऐकलं की माणसं जास्त टिकतात. तसं आहे का? नाहीये. तिच्या आधीचे वीसजण सांगतायत ना तुला, की नाहीये? ९९९ घाल.”

९९९ म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’. मी घातलं.

“आणि तिला सांगायचं ना मॅडम? की कोडं सुटणारं नव्हतंच?”

“सांगायचं तर! साठ पूर्ण झाले की सगळ्यांना सांगायचं. नियमच आहे तो. पण आज तिला सांगितलंस तर संध्याकाळी मेसमध्ये सगळ्या हॉस्टेलला कळेल. उरलेले एकोणीस जण खोकं बघून हसत सुटतील. मग तुझा प्रबंध कोण लिहिणार? गुंडूमामा?”

“तिला एम.ए.चा फॉर्म भरायचा होता. तीस एप्रिल शेवटची तारीख आहे.”

“मग तू एकोणतीसपर्यंत साठ पूर्ण कर,” मॅडम म्हणाल्या. मॅडमचं हेच अवघड होतं. त्यांच्या बोलण्यात चूक सापडायची नाही.

पण एप्रिलमध्ये परीक्षा होत्या. विद्यार्थी मला लांबून बघून जिना बदलायचे. दिवसाला एक मिळाला तरी पुष्कळ. सुजाता मात्र न बोलावता रोज यायची. पेपर सुटला की प्रयोगशाळेच्या दाराशी उभी.

“सर, एकदा परत बसू दे की.”

“एका माणसाला एकदाच बसता येतं.”

“मी रात्री कागदाचे तुकडे कापून बघितले. सातवा तेवढा दोन सूत कमी केला की झटक्यात बसतंय. पण तसं करायचं न्हाई ना?”

“सुजाता, तू फॉर्म भर. त्या कोड्याचं मनावर घेऊ नकोस.”

“बाकीच्यांनी किती मिनिटांत सोडवलं, सर?”

मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे काही नव्हतं, तरी बघितलं.

“व्हय,” ती म्हणाली. “सांगू नका. वाईट वाटंल मला, म्हणून सांगत न्हाई तुम्ही. कळतंय.”

ती गेल्यावर मामा झाडू टेकवून म्हणाले, “शेटेसर, बसू दे की त्या लेकराला एकदा. काय झिजतंय?”

“नियम आहे, मामा.”

“नियम आहे व्हय. मग बरोबर.” आणि ते खाली वाकून टेबलाच्या पायाखाली कागद सारायला लागले.

*

तीस एप्रिलला अठ्ठावन्न झाले होते. मॅडम परिसंवादासाठी दिल्लीला होत्या. परिसंवादाचा विषय ‘संशोधनातील नैतिकता’ असा होता. फॉर्मची खिडकी पाच वाजता बंद होणार होती. तीन वाजता सुजाता पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन दारात आली.

“येते सर. चारची एस.टी. हाय. शेवटचा पेपर झाला.”

“फॉर्म?”

“न्हाई भरला. आण्णांना फोन करून सांगितलं, न्हाई झेपत म्हणून.” तिने पेटी खाली ठेवून पदर लावल्यासारखी ओढणी नीट केली आणि मला वाकून नमस्कार केला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मला आयुष्यात कोणी वाकून नमस्कार केला नव्हता.

मग मी चौथं वाक्य बोललो.

“सुजाता, ते कोडं सुटणारं नव्हतंच. तुझं बरोबर होतं. सातवा तुकडा दुसऱ्या खोक्यातला आहे. आम्ही मुद्दाम घातलाय.”

ती नमस्कारातून सरळ झाली.

“मुद्दाम?”

“माणसं कधी हात टेकतात, ते बघायला.”

“पन् तुम्ही म्हणालात, बऱ्याच जणांनी सोडवलंय.”

“ते खोटं होतं. कार्डावर लिहिलं होतं.”

ती हसली. आजाऱ्याला भेटायला गेलेल्या माणसाने पेढा पुढे करावा आणि आजाऱ्याने ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणावं, तसं. “सर, माझं मन राखायला एवढं खोटं नका बोलू. कॉलेजातली माणसं असलं कशाला करतील? न सुटणारं कोडं द्यायचं आन् वर लोकांनी सोडवलंय म्हणून सांगायचं? येडी हायत काय सगळी?”

या प्रश्नाचं खरं उत्तर प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात होतं. पण चारची एस.टी. होती.

“थांब. दाखवतोच,” मी म्हणालो. लाल खोकं काढलं, टेबलावर पालथं केलं. टेबल जराही डुगडुगलं नाही. मला ते जाणवलं आणि बरंच वाटलं. “हे बघ. सहा बसतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आता हा सातवा. हा जन्मात बसणार नाही. हा बघ.”

टक्.

सातवा तुकडा बसला. इतका घट्ट, की त्या चौकोनात केस शिरला नसता.

मी तो बाहेर काढला. पुन्हा घातला. टक्. उलटा करून घालायला गेलो, तर उलटा बसेना. सुलटा केल्यावर टक्.

“सुटतंय की, सर,” सुजाता हळूच म्हणाली.

“हा तो तुकडा नाही! हा बदललाय कुणीतरी! तो सागवान होता!”

तिने तुकडा घेऊन हुंगला. बराच वेळ हुंगला. “आंबा हाय,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. “त्या दिशी मला सागवान वाटला होता. म्हंजे मला आता लाकूडबी ओळखंना झालंय.”

“नाही नाही, तुला बरोबर वाटलं होतं. तेव्हा सागवानच होता. मामा!” मी ओरडलो. “गुंडूमामा! या खोक्याला कोणी हात लावला?”

मामा दारात आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, उघड्या खोक्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पाटीकडे.

“मी कशाला हात लावू, सर?” मामा म्हणाले. “मी न्हाई. मला काय कळतंय त्यातलं?”

सुजाताने तुकडा जागच्या जागी बसवला, खोक्याला झाकण लावलं आणि माझ्या हातात दिलं. आता तिच्या नजरेत माझ्याबद्दल दया होती.

“सर, तुम्ही चांगले हाय. उगंच जिवाला लावून घेऊ नका,” ती म्हणाली, आणि वळकटी डोक्यावर, पेटी हातात घेऊन गेली. मी मागून जिन्यापर्यंत गेलो. जिन्यावरून ओरडलोसुद्धा, “सागवान होता!” समोरून येणाऱ्या भूगोलाच्या सरांनी थांबून विचारलं, “कोण?”

*

दुसऱ्या दिवशी मी टेबल का डुगडुगत नाही ते बघायला वाकलो. लंगड्या पायाखाली सागवानी तुकडा होता. दोन सूत जाड, अगदी मापात.

“मग काय करू?” मामा म्हणाले. “ती पोर रोज यायची. म्हटलं, खोक्यातच खोट असणार. मॅडमच्या कपाटात पुसताना बरोबरचा तुकडा गावला. ज्याचा त्याला देऊन टाकला. वाटलं, आता तुम्ही तिला परत बसवाल, आणि बसंल तिचं. काल तुम्ही वरडलात, आणि मला ती पाटी दिसली. तीन वर्षं राहिलीत हो नोकरीची.”

“कधी बदललात?”

“गेल्या सोमवारी.”

मी वही काढली. सोमवारपासून पाच जण बसले होते. पाचही जणांपुढे अगदी सरळ सुटणारं कोडं होतं. त्यातल्या एकानेही ते सोडवलं नव्हतं. सात, नऊ, सहा, अकरा, आठ मिनिटांनी घंटी वाजवून, कुवतीपुढे पाच-सहा लिहून ते निघून गेले होते.

मॅडम दिल्लीहून आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी ते पाच आकडे वाचले.

“म्हणजे निष्कर्षात फरक नाही ना पडत?”

“नाही.”

“मग झालं तर.” मग वही मिटून म्हणाल्या, “त्या मुलीचा पत्ता आहे का?” मी म्हणालो आहे. “आपण पत्र पाठवू. साठ पूर्ण झाले की.”

एकोणसाठावा मिळाला, साठावा मिळेना. सुट्टी लागली होती. शेवटी मॅडमनी गुंडूमामांना बसवलं. मामांनी खुर्चीत बसून विचारलं, “किती मिनिटं बसू, मॅडम?” मॅडम म्हणाल्या, “मामा, तुम्ही नैसर्गिक वागा.” मामा नऊ मिनिटं नैसर्गिक वागले, मग चहाची वेळ झाली म्हणून त्यांनी घंटी वाजवली.

प्रबंध मान्य झाला. बाहेरच्या परीक्षकांनी मांडणीच्या काटेकोरपणाबद्दल खास अभिनंदन केलं. नियमाप्रमाणे ‘कोडं सुटणारं नव्हतं’ असं सांगणारी पत्रं सगळ्या सहभागींना गेली. सुजाताला गेलं नाही. यादी विश्लेषणातल्या नावांवरून काढली होती, आणि ९९९ विश्लेषणात नव्हतं.

मग मीच लिहिलं. छापील पत्र, त्यासोबत चार पानी हाताने लिहिलेलं खरंखुरं सगळं, मॅडम, मामा, कपाट, टेबलाचा पाय, आणि पुराव्यादाखल पाकिटात सागवानी तुकडा. पोस्टातल्या माणसाने विचारलं, आत काय आहे? मी म्हणालो, लाकूड. तो म्हणाला, का? मी तिकिटं चिकटवायला लागलो.

जूनमध्ये एम.ए.चे वर्ग सुरू झाले. सुजाता त्यात नव्हती. पुढच्या वर्षीही नव्हती.

दिवाळीनंतर एक पार्सल आलं. आत आंब्याच्या लाकडाचं, सुरेख पॉलिश केलेलं खोकं. झाकणावर छोटा कळस कोरलेला. आत सात तुकडे. सहा आंब्याचे, नवे, प्रत्येकाची कड वेगळ्याच कोनात तासलेली. सातवा माझा सागवान. त्यांच्याखाली मी पाठवलेल्या छापील पत्राची घडी, आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर स्वच्छ अक्षरात दोन ओळी :

‘कृपया प्रयत्न चालू ठेवा. याआधी बऱ्याच जणांनी हे सोडवलं आहे.’

सही नव्हती.

त्यातली दुसरी ओळ खरी आहे की तिने नुसती आमच्याकडून उचललीय, हे मला अजून कळलेलं नाही. आता मी दुसऱ्या गावी शिकवतो. खोकं टेबलावर असतं. विद्यार्थी विचारतात, “सर, हे सुटतं का?” मी म्हणतो, सुटत असणार. मधल्या सुट्टीत दार लावून बसतो. सहा बसतात, सातवा राहतो. कधी सागवान राहतो, कधी आंबा. सातही तुकडे मी एकेक करून हुंगून बघितलेत. मला सगळ्यांचा वास सारखाच येतो.

घंटी शेजारी ठेवली आहे. अजून वाजवलेली नाही.